घागरींची हजेरी

पुणे, ४ ऑगस्ट १९८६

ती. मंजुळाआक्कास जयभीम.

एक बातमी आहे. आधी बस, मग वाच. आमची संस्था खेड्यांतल्या पोरांसाठी टीव्हीवरून शिकवायचा प्रकल्प सुरू करते आहे. आठ गावं निवडली, त्यांत तुझं मोरदरा आहे. म्हणजे मीच घातलं. गावाला रंगीत संच मिळेल, व्हिडिओ मिळेल आणि चाळीस पाठांच्या कॅसेटी.

माझं काम शिकवण्याचं नाही, मोजण्याचं आहे. यंत्रं वाटणारे नारळ फोडतात, टाळ्या घेतात आणि निघून जातात. त्या यंत्रानं पोरांचं काय भलं झालं ते कुणी मागे वळून बघत नाही. ते मी बघणार आहे. माझी पीएच.डी. याच विषयावर आहे, आणि ती झाली तर पुढे प्रपाठकाची जागाही आहे. खैरातीचं पुस्तक घेऊन शिकलेल्या माणसानं हे मोजावं, यात मला फार समाधान वाटतं आक्का.

तुला त्रास एवढाच की महिन्याला एक पत्रक भरायचं. प्रश्न एकच: 'पाठाच्या वेळी केंद्रावर हजर किती?' पटावरची आणि पटाबाहेरची, दोन्ही पोरं धर. रोजचा आकडा लिही, खाली सही कर. आणि एक नियम मी घातला आहे. महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या निम्म्याच्याही खाली घसरला तर पत्रक दुरुस्तीसाठी परत येईल. हजेरी अशी एकदम पडत नसते, ती कारकुनी चूक असते.

दाजींना नमस्कार, माझ्या भाचीला, मित्राला, पापा.

तुझा
धर्मा


मोरदरा, २१ सप्टेंबर १९८६

चि. धर्मा,
अनेक आशीर्वाद.

तुझा संच वडवणीहून बैलगाडीत आला, दोन गोधड्यांत गुंडाळून. नवी नवरी आणावी तसा आणला. पण शाळेला वीज कुठाय? वीज गावात एका ठिकाणी, दूध सोसायटीत, ती पण दुधाचं फॅट मोजायच्या यंत्रासाठी. तेव्हा तो तिथेच बसलाय. किल्ली सेक्रेटरी कारभारीकडे. दुष्काळात दूध तर आटलंच. जनावरं छावणीला गेली, कॅन पालथे पडलेत, आणि कारभारीला एवढ्या मोठ्या खोलीत राखायला काहीतरी मिळालं म्हणून तो खूश आहे.

पहिल्या दिवशी अख्खं गाव आलं. दुसऱ्या दिवशी पोरं आली. तिसऱ्या दिवसापासून अकरा. त्या अकरांनाही कसं बसवते ते माझं मला माहीत. लिटर शिकवायचा पाठ होता. पडद्यावरच्या बाईंनी नळ सोडला आणि बोलतच राहिल्या. पोरं ओरडायला लागली, "ओ बाई, बंद करा की! वाया चाललंय!" लिटर राहिला बाजूला. धर्मा, पाठ करणाऱ्यांना सांग, आमच्याकडे नळ दाखवू नका.

आता माझं. बदलीचा अर्ज दिलाय, अंबाजोगाईसाठी. हे तिथे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, मित्रा सासूबाईंजवळ आणि मी इथे बालाघाटाच्या कुशीत एकशिक्षकी शाळेत, असं पाचवं वर्ष चाललंय. महिन्यातून एकदा जाते तर मित्रा आधी आजीच्या मागे लपते. अर्धा दिवस तिला मी ओळखीची व्हायला लागतो, उरलेल्या अर्ध्यात माझी गाडी निघते. सात वर्षांची झाली. बीडच्या कचेरीत तुझी ओळख आहे, एक शब्द टाक. तुझ्यासाठी मी कधी मागे सरले नाही, हे बोलून दाखवायची वेळ आणू नकोस.

तुझी
आक्का


पुणे, १८ डिसेंबर १९८६

ती. आक्कास जयभीम.

अगं, काय जादू केलीस? ऑक्टोबरात चोपन्न, नोव्हेंबरात एकसष्ट! बाकीच्या सात गावांचे आकडे दुष्काळानं ढासळताहेत. कुठे सहा, कुठे आठ. एका केंद्रानं तर शून्य लिहिलंय. आणि मोरदरा वर वर चाललंय. पटावर चौतीस पोरं, म्हणजे जी कधी शाळेची पायरी चढली नाहीत तीसुद्धा येऊन बसताहेत. माझ्या मार्गदर्शकांनी तुझी पत्रकं टेबलावर पसरली आणि म्हणाले, "ओव्हाळ, तुमचा प्रबंध इथे आहे." मी आठ वर्षं त्यांच्या तोंडून माझं नाव इतक्या प्रेमानं ऐकलं नव्हतं.

पण कसं, ते लिही. पोरं कशी बसतात? लक्ष देतात का? शक्य तेवढं बारकाईनं सांग.

बदलीचं बघतो. तूर्त एवढं वर्ष कळ काढ. असं रंगात आलेलं केंद्र सोडून जाणं बरं दिसणार नाही.

धर्मा


मोरदरा, २ फेब्रुवारी १९८७

चि. धर्मा,
आशीर्वाद.

कशी बसतात विचारलंस. रांगेत बसतात. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. नंबर लागलेला असतो. सकाळी नवापासून जागा धरलेली असते ती अकरापर्यंत सुटत नाही. आणखी काय लिहू?

गावात माणूस औषधाला उरलं नाही. निम्मी घरं कारखान्यावर ऊसतोडीला गेलीत, पोरंसोरं घेऊन. उरलेली रोजगार हमीच्या बांधावर. टँकर येतो अकराला. सोसायटीच्या अंगणात कॅन गार ठेवायचा सिमेंटचा हौद आहे, त्यात रिता होतो. मागच्या महिन्यात तालुक्याचे साहेब आले होते. शेजारच्या दोन्ही गावांचा टँकर दिवसाआड केला. आमचं प्रकल्पाचं गाव, पुण्यात हजेरी गाजतेय, म्हणून आमचा रोजचा ठेवला. तुझ्या कागदाला इकडे असं वजन आहे.

मित्राला गोवर येऊन गेला. मला तो उतरल्यावर कळलं. धर्मा, बदलीचं काय केलंस? 'बघतो' हा शब्द मला नको.

आक्का


पुणे, ३० एप्रिल १९८७

ती. आक्कास जयभीम.

दिल्लीला चर्चासत्र झालं. मी प्रोजेक्टरच्या पारदर्शिकेवर मोरदऱ्याची चढती रेघ दाखवली. सभागृहात नुसती कुजबुज. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "हे गाव नक्की कुठे आहे?" मी म्हणालो, "माझी बहीण तिथे शिकवते." टाळ्या पडल्या गं. आबा असते तर त्यांनी त्या पारदर्शिकेला हात लावून बघितलं असतं.

तुझ्या बदलीचं मी विचारलं. वरूनच थांबलंय म्हणतात. माझ्या हातात काही नाही. मला वाईट वाटतं. जुलैच्या दोन तारखेला प्रबंध सादर करतो आहे, मग निवांत बोलू.

धर्मा


मोरदरा, ११ जुलै १९८७

धर्मराज,

परवा बीडला गेले होते. कचेरीत मुंजाजी म्हणून कारकून आहेत, आपल्या आबांना ओळखत. मी म्हटलं, माझी बदली वर कुणी अडवली ते तरी सांगा. त्यांनी फाईल काढली, एक कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "बाई, वर कोण न्हाई. तुमीच वाचा." तुझ्या संस्थेचा कागद. ९ जानेवारीची तारीख. 'अभ्यास पूर्ण होईपर्यंत केंद्रशिक्षिकेची बदली करू नये, अन्यथा निष्कर्ष दूषित होतील.' खाली तुझी सही. ती सही मी तुझ्या हाताला धरून शिकवली आहे. तो 'ध' अजून तसाच वाकडा काढतोस.

माझी पोर तापात होती तेव्हा तू हे लिहीत होतास. वर एप्रिलमध्ये मला वाईट वाटतं म्हणून कळवतोस. दूषित! मी काय गढूळ पाणी आहे का रे?

आता मीही एक सांगते. तुझ्या प्रबंधासाठी झाकून ठेवलं होतं, असं समजू नकोस. माझी कारणं वेगळी आहेत.

ऑक्टोबरात मी रजेवर होते. पत्रक कारभारीकडे दिलं आणि म्हटलं, पाठाच्या वेळी, अकराला, जेवढे हजर असतील तेवढा आकडा लिहा. परत आले तर चोपन्न. मी विचारलं, "कारभारीभाऊ, चोपन्न पोरं आणली कुठून?" तो म्हणाला, "पोरं कावून? नंबर मोजले की. चोपन्न हजर हायेत." अंगणात टँकरची रांग होती. धर्मा, रांगेत माणूस नसतं, हे तू विसरलास का? माणूस बांधावर दगड फोडायला जातं. रांगेत त्याची घागर असते. भांडणं नकोत म्हणून कारभारीनं कॅनच्या निळ्या रंगानं प्रत्येक घागरीवर त्या घराचा सभासद नंबर घातला होता. मी म्हटलं, भाऊ, ही तर भांडी. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मीच येडी झाले. "बाई, घागर हाय म्हंजे माणूस हाय. न्हाईतर पाणी कुणाला देतो मी?"

मी ते पत्रक खोडणार होते. पण ते वडवणीच्या टपालात पडलं होतं. दुरुस्ती पाठवू म्हणता म्हणता जानेवारीत साहेब येऊन त्याच आकड्यांवर टँकर रोजचा ठेवून गेले. मग मला धीर झाला नाही.

आणि चोपन्नाचे एकसष्ट कसे झाले तेही ऐक. आपल्या वस्तीची सात घरं सोसायटीची सभासद नाहीत. त्यांच्या घागरींना नंबर नव्हता, त्या शेवटी, उरलं तर. मी कारभारीला सांगितलं, पुण्याचा हुकूम आहे, हजेरी सगळ्यांची लागली पाहिजे. त्यानं मुकाट्यानं सात घागरी रंगवल्या आणि रांगेत घेतल्या. पारूबाईची घागर पहिल्यांदा पाटलाच्या घागरीला लागून उभी राहिली. तुझ्या पत्रकानं एवढं एक काम केलं. ते टीव्हीनं झालेलं नाही.

पाठाला पोरं अकरा. कधी नऊ. खरा आकडा तो. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

मंजुळा


पुणे, २० ऑक्टोबर १९८७

ती. आक्कास,

तीन महिन्यांत सात पत्रं लिहिली आणि फाडली. हे आठवं.

बदलीचा कागद मीच पाठवला. लिहिताना तुझा चेहरा समोर आला होता. मी तो बाजूला केला. शिक्षक बदलला की तुलना बिघडते, असं पुस्तकात आहे. पुस्तकात लिहिलेलं तुझ्यावर लागू करायला मला लाज वाटायला हवी होती. पाया पडतो.

पण तुझं पत्र मला ११ जुलैनंतर मिळालं आणि प्रबंध २ जुलैला गेला. मी मोरदरा काढून सगळी आकडेमोड पुन्हा केली. मोरदरा वजा केलं तर उरतं शून्य. आठही संच नसते तरी चाललं असतं. माझा साडेतीनशे पानांचा प्रबंध एकसष्ट घागरींवर उभा आहे, आणि हे तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे. तोवर कुणाला काही बोलू नकोस, एवढं मागतो. पदवी हातात आली की तो कागद मागे घेतो. टँकर तरी चालू राहू दे, असं समज.

धर्मा


मोरदरा, १९ ऑगस्ट १९८८

चि. डॉक्टर धर्मा,

पदवी मिळाल्याचं हे सांगत होते. त्यांनी इस्पितळात पेढे वाटले. लोक विचारत होते, मेव्हणे कशाचे डॉक्टर? हे म्हणाले, मोजण्याचे.

यंदा पाऊस मनासारखा झाला. टँकर बंद झाला. घागरी ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. दूध पुन्हा यायला लागलं, हौदात कॅन उभे असतात. पारूबाईनं नंबराची घागर घासली नाही अजून, रंग जाईल म्हणते. पाठाला नऊ पोरं असतात. कारभारी मात्र अजून एकसष्टच लिहितो. मी म्हटलं, आता तर रांगही नाही. तर म्हणतो, "नंबर तेवढेच हायेत की बाई. नंबर कुठं जातेत?" आणि मी सही करते. घसरलेला आकडा तुझ्याकडून परत येतो, हे त्याला पाठ झालंय. वर गेलेला आकडा मात्र तुम्ही एकदाही परत पाठवला नाहीत, धर्मा. तेव्हाच पाठवला असतास तर आपण दोघं सुटलो असतो.

परीक्षा झाली, पदवी झाली. आता तो कागद मागे घे. मित्रा तिसरीत गेली. मला पत्रात 'तुम्ही' लिहिते.

आक्का


पुणे, १२ डिसेंबर १९८८

ती. आक्कास जयभीम.

प्रकल्प चाळीस गावांत जाणार आहे आणि मला त्याचा संचालक केलं आहे. प्रपाठकाची मुलाखत मार्चमध्ये. हे मी आनंदानं लिहीत नाही. मी नको म्हणायला गेलो होतो. मार्गदर्शक म्हणाले, "मोरदरा तुमचं आहे, दुसरं कोण करणार?"

मंजुरीपूर्वी एक समिती मोरदरा बघायला येते आहे, ३ फेब्रुवारीला. मी बरोबर असेन. तेवढा एक दिवस निभावून ने. जमतील तेवढी पोरं बसव. त्याच संध्याकाळी बीडला जाऊन तुझा कागद सोडवतो. शब्द देतो.

धर्मा


मोरदरा, ६ फेब्रुवारी १९८९

चि. धर्मा,

तू गाडीत बसून गेलास. माझ्याकडे वळून पाहिलं नाहीस. म्हणून जे तुला कळलं नसेल ते लिहिते.

फेब्रुवारीत गावात पोरं कुठून आणू? ती सगळी उसाच्या फडात. मी कारभारीला म्हटलं, जी आहेत ती नऊ बसवू, खोटं बोलायचं नाही. पण त्यानं आदल्या दिवशी दवंडी दिली: "उद्या धा वाजता सोसायटीत हजेरी हाय! सायब मोजाय येनार हायेत!" गावानं हजेरी म्हणजे काय ते तुझ्याच पत्रकावरून शिकलंय. म्हाताऱ्यांना वाटलं, येत्या उन्हाळ्याचा टँकर मंजूर व्हायचाय. मी साडेनवाला गेले तर अंगणात रांग लागलेली. तोडीला गेलेल्यांची घरं कुलूपबंद, पण जाताना भांडी शेजारी ठेवून जातात, तर शेजाऱ्यांनी त्यांच्या घागरी आणून नंबरावर ठेवल्या होत्या. एकही नंबर चुकला नव्हता. धर्मा, माझा राग पळाला तिथे. माणूस दीडशे कोसांवर, आणि त्याची जागा कुणी जाऊ दिली नाही.

मग तुमची जीप आली. अध्यक्षसाहेबांनी रांग पाहिली, चप्पल काढली आणि हात जोडले. "वा! कलशांनी स्वागत!" म्हणाले. फोटो काढायला लावले. आत नऊ पोरं बसली होती, तिकडे दोन मिनिटं डोकावले.

सरूबाई पुढे झाली. तिचं वय ऐंशी. तिला कोण थांबवणार? ती म्हणाली, "सायब, एकसष्ट हायेत. मोजून घ्या. येक बी कमी न्हाई. गेलेल्यांच्या बी ठिवल्या हायेत. तेवढं पानी द्या."

तिच्या बोळक्या तोंडातली ती बोली अध्यक्षांना समजली नाही. त्यांनी तुला विचारलं, "आजी काय म्हणताहेत?"

तू म्हणालास, "स्वागत करताहेत, सर."

ह्याच बोलीत तू पहिल्यांदा भाकर मागितलीस. आबा गेले तेव्हा ह्याच बोलीत रडलास. त्या म्हातारीनं तुझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं तू तिचं म्हणणं पोचवलंस. जाताना तिनं तुझ्या तोंडावरून हात फिरवला. मी ते पाहिलं. तू पाहिलंस का?

आक्का


पुणे, २५ फेब्रुवारी १९८९

आक्का,

पाहिलं. अजून तो हात तोंडावरून गेलेला नाही.

मला वाटलं होतं, तिथे खरं बोलीन. रस्ताभर ठरवत आलो होतो. धारूरच्या घाटात तर वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून भलतंच निघून गेलं. आजवर दहा वर्षं मी माणसांचं बोलणं आकड्यांत बदलतोय. त्या दिवशी ते आकडा म्हणूनसुद्धा टिकू दिलं नाही.

परत आल्यावर मी अध्यक्षांना सगळं लेखी दिलं. घागरी, टँकर, शून्य, सगळं. दहा दिवसांनी त्यांनी बोलावलं. कागद परत दिला आणि म्हणाले, "ओव्हाळ, एवढा विनय बरा नव्हे. मंजुरी झाली आहे. शंका असतील तर पुढच्या टप्प्यात मोजा." कागद माझ्या खिशात आहे. तो कुठेच नोंदला जाणार नाही.

आणि ऐक, हेही मलाच सांगायला हवं. बीडला गेलो होतो. माझा जुना कागद मी मागे घेतला. पण समितीनं तुला आदर्श केंद्रशिक्षिका ठरवलं आहे. चाळीस गावांचे शिक्षक मोरदऱ्याला तुझ्याकडे शिकायला येणार. पाच वर्षं तुझी बदली होऊ नये असा ठराव आहे. आता तो माझ्या सहीचा नाही. मला मोडता येत नाही.

एक काम अजून हातात आहे. मी संचालक आहे. यापुढे खरा आकडा लिही. नऊ असतील तर नऊ. पुढच्या टप्प्याचा अहवाल मी त्यावर लिहीन, मग माझं जे व्हायचं ते होवो. मी आहे ना इथे.

धर्मा


मोरदरा, ९ एप्रिल १९८९

चि. धर्मा,
अनेक आशीर्वाद.

मार्चचं पत्रक मी स्वतः भरलं. कारभारी रुसला, पण किल्ली दिली. पोरं मोजली. नऊ. सही करताना अडीच वर्षांत पहिल्यांदा हात हलका वाटला.

काल ते परत आलं. बरोबर छापील चिठ्ठी आहे, ती जशीच्या तशी उतरवते:

'केंद्र क्र. ५, मोरदरा. आपल्या पत्रकातील हजर संख्या मागील महिन्याच्या निम्म्याहून कमी आहे. ही नजरचूक असावी. आकडा दुरुस्त करून पत्रक आठ दिवसांत परत पाठवावे. डॉ. धर्मराज ओव्हाळ, प्रकल्प संचालक.'

खाली तुझ्या सहीचा रबरी शिक्का. तो वाकडा 'ध' शिक्क्यातही आलाय.

रागावले नाही. तू हे पाहिलंही नसशील. कुणीतरी टेबलावर बसून चाळीस गावांची पत्रकं चाळत असेल आणि तू घातलेल्या नियमाप्रमाणे शिक्का मारत असेल. नियम तू घातलास तेव्हा तुझा होता, आता तो तुझंही ऐकत नाही. मी इथे अडकले आणि तू तिथे. मला वाटायचं, तू सुटलास आणि मी मागे राहिले. तसं नाही. तुझ्या खोलीला पंखा आहे, एवढाच फरक.

पाच वर्षं म्हणजे मित्रा चौदा वर्षांची होईल. तोवर वाट बघायची नाही असं मी आणि ह्यांनी ठरवलं. गेल्या रविवारी तिला इथे घेऊन आले. सासूबाई रडल्या.  वडवणीला गाडीतून उतरल्यावर मित्रानं माझा हात धरला, तो सोसायटीच्या दारापर्यंत सोडला नाही. जूनपासून चौथीत इथेच, माझ्याच वर्गात. आईजवळ राहायला तिला आदर्श केंद्रात यावं लागलं, असो.

काल पाठ लावला. तोच लिटरचा. नळ सुटला तशी मित्रासुद्धा पोरांबरोबर ओरडली, "बंद करा की!" मला हसू आवरेना.

पत्रक सोबत पुन्हा जोडलं आहे. मार्चचा आकडा मी बदललेला नाही, नऊच आहे. त्याखाली कालची हजेरी लिहिली आहे. पोरं नऊ आणि मित्रा, मिळून दहा. मला मोरदऱ्यातून सोडवणं तुला जमलं नाही, त्याचं आता काही म्हणणं नाही. पण हा दहाचा आकडा शिक्का मारणाऱ्याच्या हातात जाऊ देऊ नकोस. तो तुझ्या भाचीला धरून आहे. एवढा तरी ठेवून घे.

तुझी
आक्का